आधी घोड्याचा पाय

2025च्या मार्चमधली गोष्ट, पहिल्या आठवड्यातला शनिवार होता. आई आणि मी माथेरानला गेलो होतो. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून नेरळ, नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी, म्हणजे जिथून पुढे गाड्यांना बंदी आहे तो नाका, तिथे प्रवासी कर भरला आणि अमन लॉज स्टेशनला जाऊन वर जाणाऱ्या मिनी ट्रेनच्या शटलचं बघितलं तर त्या गाडीची तिकिटं संपलेली, ई-रिक्षाची रांग बघूनच दमायला झालं. आई म्हणाली, चल गं चालत जाऊ, तीनेक किलोमीटर तर आहे. ती एकाहत्तरची आहे, रोज सकाळी तासभर चालते, आणि खरं सांगायचं तर माथेरानला आम्ही यायचोच मुळी चालायला. म्हणून निघालो. गर्दी बरीच होती, सामान डोक्यावर घेतलेल्या बायका, हातरिक्षा, लहान मुलं, आणि मागून सारखे घोडे. एका ठिकाणी पेव्हर ब्लॉक टाकलेला पट्टा लागला, उतार होता, आणि मागून आवाज आला, साइड साइड, ओ आजी साइड! आई गडबडून उजवीकडे सरली, त्या पोरानेही घोडा उजवीकडेच घेतला होता, मग तिने घाईघाईत डावीकडे पाय टाकला तो ब्लॉकच्या कडेवरून खाली मातीत गेला, घोटा मुरगळला आणि ती खाली बसलीच. त्याच वेळी घोड्याचा मागचा पाय ब्लॉकवरून सर्रकन सटकला. लोखंड दगडावर खरवडल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. घोडा जवळजवळ बसला होता, कसाबसा सावरला, वर बसलेली मुलगी किंचाळली, तिच्या वडिलांनी तिला ओढून उतरवून घेतलं. आणि तो पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, पायात प्लास्टिकच्या चपला, तो घोड्याच्या मागच्या पायाशी वाकला, पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, नाल बघितली, घोट्यावरून अंगठा फिरवून बघितला. माझी आई त्याच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसलेली होती.

त्याने आधी घोड्याचा पाय बघितला.

मग तो आईकडे आला, आजी लागलं का म्हणाला, स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. पण तोवर मी ओरडायला लागले होते. अरे माणूस पडलंय इथे, दिसत नाही का तुला, जनावर आधी का माणूस आधी, असलं बरंच काही. आजूबाजूचे चारपाच जण माझ्या बाजूने बोलायला लागले, एक जण म्हणाला हे घोडे बंदच करायला पाहिजेत. पोरगा फक्त चुकलं ताई, चुकलं, एवढंच म्हणत होता आणि एक हात घोड्याच्या मानेवर तसाच होता. आई म्हणाली पुरे आता, मला उठव. त्या मुलीच्या वडिलांनी दुसरा घोडा केला. आम्ही लंगडत लंगडत, दर दहा मिनिटांनी कठड्यावर टेकत बाजारापर्यंत पोचलो आणि सगळा वेळ माझ्या डोक्यात ते एकच चाललं होतं, त्याने आधी घोड्याचा पाय का बघितला.

चालणाऱ्यांची तक्रार खोटी नाही हे आधी सांगते, कारण मी त्यांच्यातलीच आहे. त्या रस्त्यावर शनिवार-रविवारी चाललेल्या माणसाला विचारा. लाल मातीची अगदी पिठासारखी धूळ असते, तिच्यात घोड्यांची लीद पडते, वाळते, टापांखाली चुरा होते आणि त्या धुळीतच मिसळते, आणि तीन-चार घोडे दुडक्या चालीने बाजूने गेले की ते सगळं नाकातोंडात जातं. संध्याकाळी रुमाल धुतला की पाणी विटकरी येतं. घोडा अंगावर येतो तेव्हा नेमकं कुठल्या बाजूला व्हायचं ते कळत नाही, लहान मुलं बिथरतात, म्हातारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहतात. म्हणून कितीतरी लोक रस्ता सोडून सरळ मिनी ट्रेनच्या रुळांच्या कडेने चालतात, आम्हीही चाललोय, स्लीपरवरून उड्या मारत, कारण तिथे निदान घोडे नसतात. आणि दस्तुरीला उतरल्या उतरल्या गळ्यात पडणारे एजंट आहेतच. आम्ही परत आलो आणि पंधरवड्याभरात, 18 मार्चला, गावातल्याच लोकांनी माथेरान बेमुदत बंद केलं, पर्यटकांना खोटंनाटं सांगून घोड्यावर बसवतात, ट्रेन नाही म्हणतात, फसवतात, अशा तक्रारींवरून. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. नंतर त्या पोराचा चेहरा आठवला आणि ते बरं वाटणं तसंच राहिलं नाही.

मी पहिल्यांदा माथेरानला आले ती 1988 साली, आठ वर्षांची होते. बाबा नेरळहून गाडीने घेऊन आले होते, तेव्हा वरपर्यंत रडतखडत का होईना पण गाडीच यायची, वळणावर तिचा शेवटचा डबा खिडकीतून दिसायचा. त्या वेळचं मला दोन गोष्टींनी माथेरान आठवतं, एक म्हणजे जांभळाच्या झाडांखालचा गारवा, भर दुपारी अंगावर शहारा आणणारा, आणि दुसरं म्हणजे घोड्यांचा आवाज. म्हणजे आवाज नसणं. मातीवर टाप पडली की थप्प असा एक बसका आवाज येतो, उशीवर थापटल्यासारखा, मागून घोडा आलाय हे कानाला कळायच्या आधी पायांना कळायचं, जमीन किंचित हलायची. मला घोड्यावर बसायचं होतं, बाबांनी बसवलं नाही, पैशाचा प्रश्न होता तेव्हा. त्याऐवजी त्यांनी मला लुईझा पॉइंटपर्यंत चालत नेलं आणि वाटेत घोडा आला की माझा हात धरून कडेला उभं राहायचे आणि घोडेवाल्याला म्हणायचे, या या, आधी तुम्ही जा. ते म्हणायचे रस्ता त्यांचा आहे, आपण दोन दिवसांचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. हे वाक्य मला त्या शनिवारी आठवायला हवं होतं, ते आठवलं रविवारी.

आता त्याच रस्त्यावर ब्लॉकवरून घोडा चालला की टक टक टक असा कोरडा आवाज येतो, फरशीवर कोणीतरी हातोडी आपटतंय असा.

ब्लॉक का टाकले याला कारणं आहेत आणि ती सगळी खरी आहेत. माथेरानचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला माहितीय, चार महिने रस्त्यांचे ओढे होतात, जांभ्यावरची ती लाल माती दरवर्षी दरीत वाहून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात, पुढच्या वर्षी परत माती आणून टाका, परत वाहून जाते. शिवाय हातरिक्षा. माणसाने माणसाला ओढत चढावर न्यायचं, तेही चिखलातून. गावातल्याच एका निवृत्त शिक्षकाने त्याविरुद्ध कितीतरी वर्षं पाठपुरावा केला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तेव्हा 2022च्या डिसेंबरमध्ये प्रायोगिक म्हणून 7 ई-रिक्षा आल्या, पुढे कोर्टाने 20 ची मर्यादा घातली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायच्या असं सांगितलं. शाळेची मुलं, आजारी माणसं, म्हातारी, सगळ्यांची सोय झाली. आता ई-रिक्षाला सपाट, टणक रस्ता पाहिजे. चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही सपाट रस्ता बरा वाटतो, माझ्या आईला वाटतो. पण घोड्याला पाहिजे माती. आणि घोडेवाल्यांच्या संघटनाही कोर्टात गेल्या, ई-रिक्षा नको म्हणून, ब्लॉक नकोत म्हणून. लोकांना वाटलं हे फक्त धंद्यासाठी आडवे येतायत. धंदा आहेच त्यात, नाही कसा असेल, परवाना असलेले 460च्या आसपास घोडे आहेत तिथे, प्रत्येकामागे एक घर आहे. पण ब्लॉकवर घोडा सटकतो हे काही धंद्यासाठी रचलेलं नाही, ते मी डोळ्यांनी बघितलं, चार हातांवरून.

रविवारी सकाळी आईचा पाय सुजलेला होता म्हणून ती लॉजच्या व्हरांड्यात बसली आणि मी एकटीच शार्लोट लेककडे गेले. अंजनीची झाडं फुलली होती, बारीक बारीक जांभळी फुलं फांद्यांनाच चिकटलेली, खाली त्यांचा सडा. तळ्याच्या अलीकडे चहाच्या टपरीवर एक घोडेवाले काका बसले होते, साठीचे असतील, घोडा झाडाला बांधून त्याच्या तोंडाला तोबरा लावलेला. मी चहा घेतला आणि कसं कोण जाणे पण कालचं सगळं त्यांना सांगितलं, थोडी भांडणाच्या सुरातच. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ताई, तुमच्या आईला लागलं ते वाईटच झालं, पोराने आधी त्यांना उचलायला पाहिजे होतं. पण एक सांगतो. मातीत नाल थोडी रुतते, घोड्याला थारा मिळतो. ब्लॉकवर रुतायला काही नाही, लोखंड ते लोखंड, आणि उतार असला की त्याचा मागचा पाय पुढे येतो, पावसाळ्यात शेवाळ धरलं की मग बघायलाच नको. माणूस पडला तर दोन-चार आठवड्यांत उठतो. घोड्याचा पाय मोडला की तो उठत नाही. ते एवढंच म्हणाले आणि घोड्याकडे बघत राहिले. घोडा तोबऱ्यात तोंड खुपसून हरभरे चावत होता, कुरुम कुरुम असा आवाज येत होता, आणि मधेच फुर्र करून भुसा उडवत होता.

नंतर तेही तक्रार करायला लागले, चालणाऱ्यांबद्दल. माणसं मागून येऊन घोड्याच्या पाठीवर हात मारतात म्हणाले, त्याला मागचं नीट दिसत नाही, तो लाथ मारणारच, मग मार कोणाला बसतो, आम्हाला. समोर एकदम छत्री उघडतात, सेल्फीची काठी नाचवतात, कानात ते हेडफोन घालून रस्त्याच्या मधून चालतात, आम्ही घसा फोडून साइड साइड ओरडतो त्यांना ऐकूच जात नाही. मी विचारलं, पण मग दुडक्या चालीने कशाला पळवता गर्दीत, तर जरा गप्प बसले. म्हणाले ती चूक आहे. शनिवार-रविवारच कमाई असते, पोरं चार फेऱ्यांच्या जागी सहा मारायला बघतात, घोड्यालाही त्रास, माणसालाही. पावसाळ्यात काही नाही, गवत-भुसा मात्र रोज लागतो, तो खालून विकत आणायचा. घोडा काय पावसाळ्यात उपाशी राहणार आहे?

माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहतो, काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याने शेतांमधून जाणाऱ्या एका पायवाटेवर फिरायला नेलं होतं. तिथे वाटांना बाणांच्या खुणा असतात, पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडेस्वारांनाही मुभा. 1968च्या कायद्याने तिथे सायकलवाल्यांनाही निळ्या वाटांवर जाऊ देतात पण त्यांनी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. समोरून एक बाई घोड्यावर आली. भाऊ मला हळूच म्हणाला, एकाच बाजूला थांबा सगळे, आणि काहीतरी बोल, आवाज कर म्हणजे घोड्याला कळतं की ही माणसंच आहेत. बाईने लांबूनच घोडा अगदी सावकाश केला, आम्ही गुड मॉर्निंग म्हणालो, तिने हात वर करून आभार मानले, गेली. एवढंच. चिखल तिथेही होता, टापांनी वाट चिघळून गेलेली, माझे बूट त्यात बुडाले, भाऊ म्हणालाच की इथल्या चालणाऱ्या लोकांची हीच कुरकुर असते, घोडे वाट खराब करतात. पण तिथे ती बाई हौसेने फिरत होती. आमच्या त्या पोराला दिवसात सहा फेऱ्या करायच्या होत्या. एवढा फरक असला की मग नुसत्या बाणांनी किती भागेल ते मला सांगता येत नाही, तरीपण त्या एका वाक्याची मला माथेरानला सारखी आठवण येत होती. एकाच बाजूला थांबा, आणि बोला. आईला आणि घोड्याला दोघांनाही कळलं असतं कोण कुठे चाललंय.

मी घोड्यावर बसत नाही, आणि त्याचं कारण आता पैसे नाहीत. नव्वद-पंचाण्णव किलोचा माणूस एका बारीक घोड्यावर बसून चढाव चढतोय आणि खाली घोड्याच्या कुशीतून घामाच्या रेघा येतायत हे मला बघवत नाही. खोगिराखाली कातडं सोललेला घोडा मी त्याच दिवशी पाहिला. मुंबईत हायकोर्टाने 2015 साली व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या तेव्हा मी मनापासून खूश झाले होते. पण माथेरान म्हणजे मुंबई नाही, तिथे मोटारीच नाहीत, 2003 सालापासून तो सगळा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, गॅसचा सिलिंडर आणि भाजीसुद्धा घोड्याच्या पाठीवरून येते. घोडे गेले तर त्यांच्या जागी माती राहील का ब्लॉक आणि चाकं येतील हा विचार केला की मला दोन्ही बाजूंनी काहीच धड बोलता येत नाही. गाडी नसलेलं गाव म्हणून आपण तिथे जातो. गाडी नाही म्हणजे कोणाचे तरी पाय आहेतच, माणसाचे नाहीतर घोड्याचे.

पुढे 2025च्याच ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा द्या, आणि ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत टाकायला हरकत नाही पण खाली काँक्रीट नको, आणि आतल्या वाटांवर ब्लॉक नकोतच. म्हणजे मुख्य रस्ता चाकांचा आणि आतल्या वाटा मातीच्या. मला तो बराचसा पटला. एवढंच वाटतं की मुख्य रस्त्यावर कडेने का होईना पण मातीचा एक पट्टा घोड्यांना सोडावा, रुंदी असेल तिथे तरी, म्हणजे चालणाऱ्यालाही कळेल घोडा कुठून येणार आहे.

शनिवारी रात्री मात्र यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं, मी नुसती चिडलेली होते. लॉजवाल्याकडून बादलीत गरम पाणी आणि मीठ आणलं, आई पाय सोडून बसली आणि मी परत तेच, बघितलंस ना, आधी घोड्याकडे गेला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मी तुला सांगितलंय का आमची गाडी ओढ्यात कलंडली ती? नव्हतं सांगितलं. ती आठ-नऊ वर्षांची असेल, नगर जिल्ह्यातलं त्यांचं गाव, आठवडी बाजाराहून परत येताना बैलगाडी ओढ्याच्या उतारावर कलंडली, आजी, आई आणि तिचा धाकटा भाऊ तिघंही दगडगोट्यांत पडले, आईचं कोपर फुटलं, त्याची खूण अजून आहे, तिने बाही वर करून दाखवली. आणि नाना, म्हणजे तिचे वडील, उडी टाकून आधी बैलाकडे गेले. जू सोडवलं, बैलाला उभं केलं, चारी पाय चाचपून बघितले, मग हिच्याकडे आले. आजी त्यावरून नानांशी कितीतरी वर्षं भांडायची, कुठलंही भांडण निघालं की शेवट तिथे यायचा, पोरं रक्ताने भरली होती आणि तुम्ही बैल कुरवाळत होता. मी विचारलं, मग नाना काय म्हणायचे? आई म्हणाली, काही नाही. एकदाच म्हणाले होते, तुम्ही रडत होता म्हणून मला कळलं तुम्ही ठीक आहात, तो रडत नव्हता.

पाणी गार झालं होतं. मी परत गरम आणायला उठले.

सोमवारी सकाळी निघालो, या वेळी शटलने. गाडीत खिडकीतून तो ब्लॉकचा पट्टा दिसला, सकाळचा रिकामा, एक बाई खराट्याने लीद गोळा करत होती. दस्तुरीला टॅक्सी स्टँडवर गाडी भरायची वाट बघत उभे होतो आणि तो पोरगा दिसला, घोड्याशिवाय, एका दुकानाच्या पायरीवर बसलेला. त्याने आम्हाला ओळखलं आणि उठून उभा राहिला, मला वाटतं त्याला वाटलं मी परत ओरडणार. मी काहीतरी बोलायचं ठरवलेलं होतं, रविवारभर जुळवत होते, पण त्याच्याकडे बघून ते काहीच तोंडातून निघेना. आई लंगडत त्याच्याजवळ गेली.

"कसाय रे पाय त्याचा?"

"सुजलाय आजी. काल उभाच ठेवला, आजपण नाही काढला. डॉक्टर बघून गेले, म्हणाले आठ दिवस ओझं नको."

"म्हणजे रविवार गेला तुझा."

तो नुसता हसला. मग त्याचं लक्ष तिच्या क्रेप बँडेजकडे गेलं आणि त्याने विचारलं, आजी, तुमचा? आई म्हणाली, मला काय, मी घरी जाऊन बसणार आहे. टॅक्सीवाला नेरळ नेरळ ओरडत होता, दोन सीट बाकी होत्या. त्याने पुढचं दार उघडून धरलं, आईची पिशवी आत ठेवली, आणि तिने आधी दुखरा पाय आत घ्यायचा का चांगला यावर दोघांचं थोडं बोलणं झालं.